मोटारीच्या पोटांतील सांखळी

मोटार ज्यांच्या घरीं आहे त्यांपैकीं बहुतेकांना तिचा रंग, तिची बैठक आणि तिला लागणारें पेट्रोल एवढ्या गोष्टी ठाऊक असतात. परंतु इंजिनाच्या तोंडाशीं, एका पत्र्याच्या झांकणाआड, सुमारें हातभर लांबीची एक पोलादी सांखळी तेलांत भिजत फिरत असते, आणि तिच्यावांचून इंजिनाचा एक श्वासही चालावयाचा नाहीं, हें फारच थोड्यांना माहीत असतें. मिस्त्री लोक तिला ‘टायमिंग चेन’ म्हणतात. या लेखापुरतें आपण तिला काळसांखळी म्हणूं. ती झिजली म्हणजे काय होतें, झिजली हें ओळखावें कसें, आणि ती बदलतांना घरच्या माणसानें कोणत्या गोष्टींवर नजर ठेवावी, हें सांगण्याचा येथें विचार आहे. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पोखर्णीच्या घरांत हा प्रश्न प्रत्यक्षच उभा राहिला. त्या निमित्तानें जें पाहिलें, विचारलें आणि वाचलें, तें जुनी गाडी बाळगणाऱ्या इतर कुटुंबांच्याही उपयोगीं पडेल असें वाटतें.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि मुंबईस कुर्ला येथें तिचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानें तेथें ज्या गाड्या होऊं लागल्या, त्यांतील ‘फियाट ११०० डिलाइट’ १९६४ सालीं आली. तीच १९७२ सालीं ‘प्रेसिडेंट’ झाली, आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नांवानें घरोघरीं पोंचली. चालूं शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन बंद पडलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत मात्र ती त्यानंतरही वीस वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली. तेथें टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें, २००३ च्या ऑक्टोबरांत ताडदेव येथें नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली आणि तीही रस्त्यावरून गेली. (आमच्या मराठवाड्यांत काळी-पिवळी म्हटली म्हणजे माणसांनीं खच्चून भरलेली जीप डोळ्यांपुढें येते, पद्मिनी नव्हे; तो भाग निराळा.)

पोखर्णी हें परभणीहून संत जनाबाईंच्या गंगाखेडास जाणाऱ्या वाटेवरचें गांव. नृसिंहाच्या देवळामुळें तें पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे, आणि परभणी-परळी लोहमार्गावरील स्टेशनासही ‘पोखर्णी नृसिंह’ असेंच नांव आहे. आमच्या घरांत तीन भावांचीं मिळून सतरा पानें पडतात. गाडी वडील बंधूंनीं १९८९ सालीं घेतली. घरांत आतां दुसरी, नव्या पद्धतीची उंच मोटारही आहे. परंतु मातोश्रींचें वय नव्वदीच्या घरांत असून त्यांना त्या उंच गाडींत चढवत नाहीं. पद्मिनीची पुढची बैठक सलग, बाकासारखी. गियरचा दांडा सुकाणूच्या खांबाला. त्यामुळें पायांशीं मोकळीक. दरमहा परभणीस डॉक्टरांकडे आणि श्रावणांत परळीस वैजनाथाला त्या याच गाडींतून जातात. सारांश, या जुन्या गाडीला घरांत अजून काम आहे. ती केवळ आठवण म्हणून उभी नाहीं.

गेल्या फाल्गुनापासून सकाळीं गाडी सुरू करतांना पुढच्या अंगानें ‘खळखळ’ असा आवाज येऊं लागला. इंजिन तापलें म्हणजे तो कमी होई. पण वेगांत असतां पाय उचलला कीं पुन्हां उमटे. चढावर गाडी दमूं लागली. परभणींतील एका वर्कशॉपांत दाखविली, तेव्हां तेथील मंडळींनीं ‘टॅपेट सैल झालीं आहेत’ असें सांगून तीं आंवळून दिलीं. महिन्याभरांत आवाज परत आला. पुन्हां टॅपेट आंवळलीं, आणि ह्या खेपेस डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवून ठिणगी पुढें आणून दिली. गाडी चार दिवस हुशार झाली. मग तिसरी खेप. पुण्यास असणारा पुतण्या सुटींत आला होता. तो म्हणाला, ‘‘काका, पुरे आतां. आजीला घेऊन जातांना ही परळीच्या रस्त्यावर बंद पडली तर काय करायचं? भंगारांत देऊन टाका.’’ दादांना तें रुचलें नाहीं. पण आजीचा मुद्दा खोडतांही येईना. दोन्ही पक्षांजवळ भावना होत्या, माप कोणाजवळच नव्हतें. तें माप कसें घेतात हें सांगण्यापूर्वीं सांखळीचें काम समजून घेणें जरूर आहे.

पेट्रोलच्या इंजिनांत प्रत्येक नळकांड्यांत चार क्रिया आळीपाळीनें होतात. दट्ट्या खालीं येतो तेव्हां हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. वर जातो तेव्हां तें दाबलें जातें. ठिणगी पडून स्फोट होतो व दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. शेवटीं तो पुन्हां वर येऊन जळका धूर बाहेर लोटतो. या चार क्रियांना मुख्य दंडाचे, म्हणजे क्रँकचे, दोन फेरे लागतात. आंत येण्याची झडप आणि बाहेर जाण्याची झडप या दोन फेऱ्यांत एकेकदांच उघडावयाच्या असतात. म्हणून झडपा उघडणारा जो दुसरा दंड, ज्याला कॅमशाफ्ट म्हणतात, तो क्रँकच्या बरोबर निम्म्या गतीनें फिरला पाहिजे. क्रँकवर लहान दांतेरी चाक, कॅमशाफ्टवर त्याच्या दुप्पट दांतांचें मोठें चाक, आणि दोहोंना जोडणारी ही सांखळी. क्रँक मिनिटास चार हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक झडप मिनिटास दोन हजार वेळां उघडते आणि मिटते. त्या दोन हजारांपैकीं प्रत्येक वेळीं तिनें दट्ट्याच्या ठराविक स्थितीला उघडावें, मागें नाहीं, पुढें नाहीं, ही जबाबदारी सांखळीची.

पद्मिनीचें इंजिन लहानच. नळकांड्याचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर, नळकांडीं चार. हिशेबाची हौस असलेल्या मुलांनीं गुणाकार करून पाहावा, १०८९ घन सेंटिमीटर येतील. तिचा कॅमशाफ्ट इंजिनाच्या खालच्या ठोकळ्यांत, क्रँकच्या जवळच असतो. त्यामुळें सांखळी आंखूड, आणि ती बदलण्यास इंजिनाचें डोकें उतरावें लागत नाहीं. जुन्या गाड्यांचें हें एक सुख आहे.

ज्यांनीं विहिरीवरील रहाटगाडगें पाहिलें असेल त्यांस ही रचना नवी वाटणार नाहीं. संस्कृतांतील ‘अरघट्ट’ हाच शब्द झिजत झिजत मराठींत ‘रहाट’ झाला. वर चाक, त्यावरून गाडग्यांची माळ, आणि माळेची लांबी विहिरीला जुळलेली. माळेच्या गांठी सैल पडत गेल्या म्हणजे माळ लांबते, गाडगीं एकमेकांवर आपटतात, आणि पाणी पन्हळींत पडण्याऐवजीं विहिरींत सांडतें. मोटारींतही हेंच होतें. फरक इतकाच कीं येथें जें सांडतें तें पेट्रोल.

आजची सांखळी ज्या रूपाची आहे तें रूप तिला हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस गृहस्थानें दिलें. त्यानें १८७९ सालीं इंग्लंडांत सॅल्फर्ड येथें सांखळ्या करणारा एक लहानसा कारखाना विकत घेतला आणि पुढच्याच वर्षीं, १८८० सालीं, आपली नवी सांखळी सिद्ध केली. पूर्वीच्या सांखळींत कडीची पातळ पाती थेट खिळीवर घांसत असे; थोड्याशा जागेवर सगळा भार येऊन खिळी लवकर कापली जाई. रेनॉल्डनें खिळीभोंवतीं एक पोकळ नळी बसविली, व नळीवर फिरतें वेटोळें. त्यामुळें भार नळीच्या सगळ्या लांबीवर पसरला. सायकलीच्या सांखळीचा एक दुवा हातांत घेऊन पाहिला तरी ही युक्ति दिसून येते.

पण भार पसरला म्हणजे झीज नाहींशी होते असें नव्हे. ‘चेन खेंचली गेली’, ‘चेन वाढली’ असें मिस्त्री म्हणतात, तें शब्दशः खरें नाहीं. पोलाद रबरासारखें ताणलें जात नाहीं. खिळी व नळी यांच्यामधील प्रत्येक सांधा रतिमात्र झिजतो, आणि सगळ्या सांध्यांची झीज एकत्र होऊन सांखळी लांब भासते. समजा, सांखळीला पन्नास कड्या आहेत आणि प्रत्येक सांध्यांत मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी, झीज झाली. पन्नास कागद मिळून पांच मिलिमीटर झाले. आतां क्रँकवरील लहान चाकाला १८ दांत आहेत व त्याचा परीघ सुमारें १७० मिलिमीटर आहे असें धरूं. ३६० अंश १७० मिलिमीटरांत बसवावयाचे; म्हणजे एका मिलिमीटरास दोन अंशांहून थोडे अधिक. पांच मिलिमीटरांस दहा अंश. कोणत्याही एका कडीकडे पाहून दोष दाखवितां येत नाहीं. सर्व कड्या पाहतांना निर्दोषच दिसतात. आणि तरी क्रँक व कॅमशाफ्ट यांच्यामध्यें दहा अंशांचें सैल अंतर पडलेलें असतें. झीज सर्वांत वांटली गेल्यामुळेंच ती कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

ह्या सैलपणाचा परिणाम काय होतो? कॅमशाफ्ट कांहीं अंश मागें राहतो. आंत घेणारी झडप उशिरां मिटते, आणि दट्ट्या वर येऊं लागल्यावर आंत आलेल्या मिश्रणाचा थोडा भाग उलट वाटेनें परत ढकलला जातो. हळू गतींत हा तोटा अधिक. म्हणून चढावर, भरल्या गाडींत, दुसऱ्या गियरवर दम लागतो. शिवाय या जातीच्या इंजिनांत डिस्ट्रिब्यूटरही कॅमशाफ्टकडूनच फिरतो. तो मागें पडला कीं ठिणगीही मागें पडली. इंजिन तापतें, पेट्रोल अधिक खातें. येथेंच आमच्या दुसऱ्या खेपेच्या दुरुस्तीचें रहस्य आहे. डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठिणगी तेवढी जागेवर आणली, म्हणून गाडी चार दिवस बरी चालली. झडपा होत्या तेथेंच राहिल्या. ताप उतरवून रोग तसाच ठेवण्याचा हा प्रकार होय, आणि तो फार ठिकाणीं चालतो.

सैल सांखळी बहुधा एकाएकीं तुटत नाहीं. ती आधीं झांकणावर आपटूं लागते. खळखळ ती हीच. पुढें झांकण आंतून घांसलें जातें व त्याचा कीस तेलांत मिसळतो. सर्वांत वाईट म्हणजे एखादे वेळीं झटका बसून ती चाकाचा एक दांत उडी मारून ओलांडते. वरच्या हिशेबांत १८ दांतांचें चाक घेतलें आहे. त्यावर एक दांत म्हणजे एकदम २० अंश. मग गाडी जेथें असेल तेथें उभी राहते. कित्येक इंजिनांत तर उघडी राहिलेली झडप दट्ट्यावर आपटून वांकडी होते. पुतण्याचें भय अगदींच निराधार नव्हतें.

टॅपेटचा आवाज आणि सांखळीचा आवाज यांत भेद आहे. टॅपेट घड्याळाप्रमाणें नियमित ‘टिक टिक’ करतें, व तो आवाज वरून, झडपांच्या झांकणाखालून येतो. सांखळीचा आवाज पुढून येतो. तो घांसल्यासारखा, अनियमित असतो. थंडपणीं आणि वेग सोडतांना विशेष. तरीही कानावर सर्वस्वीं विसंबूं नये. पाण्याचा पंप, डायनामो, पंख्याचा पट्टा हेही तेथेंच आहेत. पट्टा काढून इंजिन अर्धें मिनिट चालवून पाहिलें कीं हे तिघे संशयितांतून सुटतात. मिस्त्री लांब पेचकसाची मूठ कानाला लावून त्याचें टोंक झांकणावर टेकवितात. वैद्याच्या नळीचेंच तें काम करतें.

परभणींतच एक म्हातारे मिस्त्री आहेत. टॅक्सीच्या धंद्यांत मुंबईस उमेद काढून ते गांवीं परतले. त्यांना गाडी दाखविली तेव्हां त्यांनीं आवाज ऐकला, मान हलविली, पण निकाल दिला नाहीं. म्हणाले, ‘‘गुरुजी, खोलायच्या आधीं मोजून बघू. मग ठेवायची का विकायची, तुमचं तुम्ही ठरवा.’’ त्यांनीं मोजलें तें असें. ठिणगीचे चारही प्लग काढले, म्हणजे इंजिन हातानें सहज फिरतें. डिस्ट्रिब्यूटरचें डोकें काढून आंतला फिरता पातेरा उघडा केला. क्रँकच्या पुलीवर, माझ्या कोनमापकावरून आंखून दिलेलें अंशांचें पुठ्ठ्याचें वर्तुळ चिकटविलें. मग पुलीची नट पान्यानें धरून इंजिन त्याच्या नेहमींच्या दिशेनें फिरवीत आणलें, म्हणजे एका बाजूचा सैलपणा निघून गेला. तेथें अंक वाचला. नंतर अगदीं हळू उलट दिशेनें फिरवूं लागले. मी पातेऱ्याकडे पाहत होतों. पुली फिरत होती आणि पातेरा स्तब्ध! तो हलला त्या क्षणीं ‘‘थांबा’’ म्हटलें. पुठ्ठ्यावर चवदा अंश गेले होते. डिस्ट्रिब्यूटरच्या स्वतःच्या दांत्यांतील थोडा सैलपणा यांत मिळालेला असतो, तो वजा घातला तरी पांच-सहा अंशांपर्यंत सोसावें व दहांच्या पुढें गेलें कीं सांखळी बदलावी, असा मिस्त्र्यांचा ठोकताळा आहे. ह्या कसोटीला तास लागला नाहीं, आणि एकही भाग विकत आणावा लागला नाहीं.

चवदा अंश हें उत्तर आल्यावर घरांतील वाद निवळला. झीज आहे हें ठरलें. पण ती कोठें आहे हेंही ठरलें. इतर अंगें तपासून पाहिलीं. चारही नळकांड्यांचा दाब जवळजवळ सारखा आला, तेलाचा दाब पुरेसा होता, धूर निळा नव्हता. म्हणजे शरीर धड, आणि एक सांखळी म्हातारी. पुतण्या म्हणाला, ‘‘असं असेल तर बदलून घ्या काका, मी थांबतों दोन दिवस.’’ आणि तो खरोखरच थांबला. झांकणाचे बोल्ट त्यानेंच क्रमानें पुठ्ठ्यांत खोंचून ठेवले. दाब बसला असता किंवा तेल जळत असतें, तर गाडी ठेवण्याच्या पक्षांत मीही उभा राहिलों नसतों. रोगट इंजिनाला नवी सांखळी घालणें म्हणजे पडक्या वाड्याला नवें दार लावण्यासारखें आहे.

आतां प्रत्यक्ष बदलण्याविषयीं. हें काम मिस्त्र्याचें. परंतु शेजारीं उभें राहून पाहणाऱ्यानें कांहीं गोष्टी आग्रहानें करून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, सांखळीबरोबर दोन्ही दांतेरी चाकें नवीं घेणें. येथें फार लोक कंजूषपणा करतात. जुन्या सांखळीबरोबर चालून चाकाचे दांत एका अंगानें आंकड्यासारखे वांकलेले असतात. त्यांवर नवी सांखळी घातली तर तिचीं वेटोळीं त्या आंकड्यांवर चढतात, आणि तिचें निम्मे आयुष्य वर्षा-दोन वर्षांत संपतें. आमच्या मोठ्या चाकाचे दांत बोटानें चांचपले तरी अणकुचीदार लागत होते. त्याच वेळीं क्रँकच्या तोंडावरची तेल-सील आणि झांकणाखालची गॅस्केटही नवीं घालावीं. हीं वस्तुतः अल्प किंमतीचीं. पण पुढें तींच गळूं लागलीं तर एवढा पसारा पुन्हां मांडावा लागतो. ज्या इंजिनांत सांखळीवर ताण ठेवणारा दाबक असतो, तेथें तोही बदलावा.

पसारा तसा मोठाच. बॅटरीची तार सोडावयाची, पाणी काढून रेडिएटर उतरवावयाचा, पट्टा व पंखा काढावयाचा. मग येते पुलीची मोठी नट. वर्षानुवर्षें ती तेथें बसलेली. तिला हातोड्यानें मारूं देऊं नये. गाडी चवथ्या गियरवर घालून ब्रेक धरावा, म्हणजे क्रँक फिरत नाहीं, आणि पान्याला लांब नळी जोडून एका दमानें ओढावें. आमची नट दीड दिवस रॉकेल पाजल्यावर सुटली.

झांकण उघडण्यापूर्वीं, किंवा निदान जुनी सांखळी हलविण्यापूर्वीं, इंजिन फिरवून पहिल्या नळकांड्याचा दट्ट्या माथ्यावर आणावयाचा आणि दोन्ही चाकांवरील खुणा एकमेकींसमोर आणावयाच्या. कारखान्यानें प्रत्येक चाकावर एक बारीक खूण कोरलेली असते. ती तेलकट काजळींत बुडालेली असते, म्हणून पेट्रोलनें पुसून पांढरा ठिपका द्यावा. हें झाल्यावर, जुनी सांखळी काढल्यापासून नवी बसेपर्यंत क्रँक किंवा कॅमशाफ्ट कोणीही फिरवूं नये. घरांत मुलें असल्यास त्यांना या वेळीं दुसरें काम द्यावें. नवी सांखळी दोन्ही नव्या चाकांवर आधीं बाहेरच चढवून, खुणा जुळवून, मग तिन्ही वस्तु एकदम दंडांवर सरकवितात. चाव्या खांचेंत बसल्या कीं नाहींत हें पाहावें.

यानंतरची पायरी घाईंत गाळली जाते. झांकण लावण्यापूर्वीं क्रँक हातानें, पान्यानें, दोन पूर्ण फेरे फिरवावयाचा. दोन कां? तर कॅमशाफ्टचा एक फेरा तेव्हांच पुरा होतो आणि सर्व झडपा एकेकदां उघडून मिटतात. कोठें अडखळलें तर जोर करूं नये, खुणा पुन्हां पाहाव्या. दोन फेऱ्यांनंतर चाकांवरील खुणा पुन्हां समोरासमोर आल्या म्हणजे काम बरोबर. कांहीं नव्या इंजिनांत चाकांबरोबर सांखळीच्या कड्यांवरही रंगीत खुणा असतात. त्या दोन फेऱ्यांनीं परत जुळत नाहींत, पुष्कळ फेऱ्यांनीं जुळतात. तें पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. चाकांवरील खुणा प्रमाण मानाव्या. किल्ली मारून इंजिन सुरू करणें हें या परीक्षेनंतर. सर्वांत शेवटीं ठिणगीची वेळ नव्यानें लावावयाची. कारण जुन्या सैल सांखळीला जुळवून डिस्ट्रिब्यूटर फिरवलेला असतो, तो आतां चुकीच्या जागीं आहे. तें न केल्यास गाडी ‘नॉक’ करूं लागते आणि दोष नव्या सांखळीवर येतो.

आमच्या गाडीची नवी सांखळी घातल्यावर पुन्हां मोजलें, तें चार अंश भरलें. जुनी व नवी सांखळी एकाच खिळ्याला टांगून पाहिल्या, तर जुनी नवीहून ज्वारीच्या दाण्याएवढीही खालीं उतरली नव्हती. परंतु दोन्ही आडव्या धरल्या तेव्हां फरक उघड झाला. नवी काठीसारखी ताठ राहिली; जुनी बाजूस कमानीसारखी लवली. घरांतील सर्व मुलांनीं हा प्रयोग करून पाहिला, आणि दोन दिवस ओसरीवर तिचाच खेळ चालला होता.

सुट्या भागांची अडचण दिवसेंदिवस वाढत जाईल असें दिसतें. मुंबईच्या टॅक्सी होत्या तोंवर या भागांना नित्याचें गिऱ्हाईक होतें. आतां तें नाहीं. कुर्ला-कालिना भागांतील जुन्या मोटारींच्या सामानाच्या दुकानांत अजून वस्तु मिळतात. आमचीही तेथूनच आली. मागवितांना ‘पद्मिनीची चेन’ एवढेंच न लिहितां जुन्या सांखळीच्या कड्या मोजून, दोन्ही चाकांचे दांत मोजून आकडे कळवावे. वस्तु हातीं आल्यावर तीं मापें पुन्हां मोजावीं आणि चाकांवर खुणा आहेत कीं नाहींत हें पाहावें. खुणा नसलेलें चाक परत करावें.

सांखळी हाच एकमेव उपाय आहे असें नाहीं. महिंद्रांच्या जुन्या पेट्रोल जीपांत दांत्यांशीं दांते थेट भिडविलेले असत. ती रचना दणकट, पण तिला चाकें जवळजवळ हवींत. १९८३ च्या डिसेंबरांत आलेल्या मारुति ८०० मध्यें सांखळीच्या ठिकाणीं दांतेरी रबरी पट्टा होता. तो हलका व शांत. परंतु त्याची शांतताच घातक, कारण तुटेपर्यंत तो तक्रार करीत नाहीं. तो ठराविक किलोमीटर झाले कीं न विचारतां बदलावा लागतो. सांखळी निदान महिनोन्महिने ओरडून सांगते.

तिचें आयुष्य ठरतें तें तेलावर. ती कोरडी फिरत नाहीं. इंजिनाचेंच तेल तिच्या सांध्यांत शिरून खिळी व नळी यांना अलग ठेवतें. तें तेल काजळीनें व धुळीनें काळें झालें म्हणजे वंगणाचें काम सोडून कानसाचें काम करूं लागतें. आमच्या काळ्या मातीच्या मुलखांत, उन्हाळ्याच्या वावटळींत, हवेच्या गाळणींतून किती धूळ आंत जाते तें गाळणी झटकून पाहणारासच कळेल. जुनी गाडी कमी चालते, म्हणून तेल बदलण्याची गरज नाहीं असा एक गोड समज आहे. उलट उभ्या गाडींत तेल खालीं उतरून जातें व सुरू करतांना पहिले कांहीं क्षण सांखळी कोरडीच फिरते. किलोमीटर पांच हजार होवोत वा न होवोत, सहा महिन्यांनीं तेल व गाळणी बदलावीं. आणि सकाळीं इंजिन सुरू होतांच वेग देऊं नये, अर्धें मिनिट थांबावें. आमच्याकडे तेलाची तारीख आतां वहिनींच्या हातीं आहे. दुधाच्या हिशेबाच्या वहींतच त्या ती लिहितात, आणि ती चुकत नाहीं.

नवी सांखळी बसल्यावर पहिलें तेल मात्र पांचशे किलोमीटरांनींच काढून टाकावें, म्हणजे झांकणाचा आंतला जुना कीस निघून जातो. त्याच दिवशीं गाडीखालीं कोरा कागद पसरून ती रात्रभर उभी ठेवावी. सील व गॅस्केट नीट बसलीं असतील तर सकाळीं कागद स्वच्छ असतो. आमच्या कागदावर एक डाग निघाला. मिस्त्र्यांना दाखविला, तेव्हां तो तेलाचा नसून पाण्याच्या पंपाचा ठरला; तें काम दिवाळीनंतर करावयाचें आहे.